रविवारचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारच्या बाबलचा मिक्सर बंद पडला की तो प्लग बघत नाही. नारळ घेऊन मिक्सरसमोर उभा राहतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा! ह्या मिक्सरात काय वाकडानाकडा असात, ता दूर कर रे म्हाराजा!" यावर कुणीतरी "व्हय म्हाराजा!" म्हणावं लागतं, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही म्हणे. ते कुणीतरी म्हणजे मी. गॅसवर दूध उतू जात असलं तरी मीच!

एसटी उशिरा आली, गाऱ्हाणं. मोबाइलची रेंज गेली, गाऱ्हाणं. "अरे, देवाला दुसरी कामं आहेत की नाही?" मी ओरडायची. "काकी, तू फक्त व्हय म्हण गो," तो म्हणायचा.

बाबलची बायको नीता वेगळी झाली आणि लेकीला घेऊन कट्टा गावी माहेरी गेली. त्यांच्या भांडणात मी पडले नाही. पण कोर्टाने ठरवून दिलं होतं, रविवारी सानू दिवसभर बापाकडे. आणि रविवारी गेलं की दार बंद! कधी सानूला ताप, कधी ती वेंगुर्ल्याला मावशीकडे. कोर्टाने नीताला दटावलं, तिने मान डोलावली, पुन्हा तेच. वकील म्हणाले, "दर रविवारी जायचं. भांडायचं नाही. साक्षीदार न्यायचा." साक्षीदार कोण? परत मीच. सानूसाठी घेतलेलं गुळाचं कडक खाजं परतीच्या एसटीत बाबल माझ्या हातात ठेवायचा. मला ते चावायचं नाही आणि टाकवायचंही नाही.

त्या रविवारी कट्ट्याला पोचलो, तर पिशवीतून खाज्याबरोबर नारळ निघाला.

"बाबल, वकिलांनी काय सांगितलंय?"

"भांडू नको म्हणून सांगल्यानी. गाऱ्हाणा घालू नको म्हणून खंय सांगल्यानी?"

आणि सासऱ्याच्या अंगणात त्याने सूर लावला. "बा देवा म्हाराजा! कोर्टान दिलेलो आयतवार ह्या घरात अडकान रवलो आसा, तो सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. कुंपणापलीकडच्या बायकांनीही म्हटलं. बाजारातून येणारे थांबले.

"बापाक लेक भेटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळी वाडी.

"दिवेलागणीच्या आत मी तिका परत आणून सोडतलंय, माका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यातला सगळ्यात खणखणीत आवाज आला तो बंद दारामागून!

तो नीताच्या वडिलांचा, तात्यांचा. देवळातले मानकरी ते. गाऱ्हाणं कानावर पडलं की त्यांच्या तोंडून 'व्हय' निघायचंच.

"तात्या, तुम्ही कित्याक बोललात?" नीता आत कडाडली.

"तोंडातसून गेला गो! आता देवाक व्हय म्हटलंय. चेडवाक बापाकडे सोड."

कडी निघाली. नीता बाबलकडे बघेना. मला म्हणाली, "काकी, दिवेलागणीच्या आत चेडू घरात व्हया." डोळे भरले होते तिचे. लेक गेली की परत यायची नाही, हीच तिची धास्ती. मी तिचा हात धरून शब्द दिला. तेवढ्यात सानू सुटली ती थेट बाबलच्या गळ्यात! वाडीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, का नाही वाजवणार? जिंकलो होतो आम्ही!

खाजं सानूने एसटीतच संपवलं. मला तुकडाही मिळाला नाही, आणि इतका आनंद मला खाजं खाऊन कधी झाला नव्हता.

संध्याकाळी उजेड असतानाच तिला परत नेलं. अंगणात तिने बापाच्या पिशवीतला नारळ काढला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! पुढल्या आयतवारी माझ्या बाबाक परत धाड रे म्हाराजा!"

मी बाबलकडे बघितलं. मिक्सरसाठी गावभर ओरडणारा माणूस, पण आता तो रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत होता. शेवटी मीच 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं.

त्याआधीच दारातून हळूच नीता म्हणाली, "व्हय म्हाराजा."