कस्तुराचा निबंध आणि आवणीच्या बायका

मुलांनो, तुम्ही कुरवंडे गावातल्या एका भातखाचराच्या बांधावर बसला आहात अशी कल्पना करा. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचाल कसं? समोर गुडघाभर चिखल आहे, वरून पाऊस पडतो आहे, धुक्यात नागफणीचा डोंगर नाहीसा झाला आहे. आणि तुमच्या शेजारी चौथीतली कस्तुरा घोंगडीच्या खोळीत वही सांभाळत, पेन्सिलीचं टोक चावत बसली आहे.

कस्तुराला निबंध लिहायचा होता. उद्या दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासायला येणारे अंमलदार, येणार होते. त्यांच्यासमोर तो वाचायचा होता. तिनं आधी चंद्रावर लिहिलं, मग बागेवर. गुरुजींनी दोन्ही पानांवर काट मारली.

"बाग पाहिलीस का कधी?"

"न्हाई, गुरुजी."

"मग कशाला लिहिलीस? डोळ्यांनी पाहशील, कानांनी ऐकशील, तेवढंच लिही. सुचत नसेल तर घराबाहेर जाऊन बस."

म्हणून सुट्टीच्या दिवशी ती आपल्याच खाचरावर येऊन बसली होती. आज तिच्या वडिलांची, सोपानची, आवणी होती. भाताची रोपं चिखलात लावायला इर्जिकीच्या बायका जमल्या होत्या. इर्जिक म्हणजे आज साऱ्यांनी सोपानच्या शेतात राबायचं, उद्या शेजारच्या कोंडाजीच्या. पाठीवर पाऊस अडवणारी पानांची इरली घेऊन साऱ्या ओणव्या झाल्या होत्या. कस्तुरानं पाहिलं, खुदकन हसली आणि लिहू लागली.

"एकलीच का हसतीयास गं?" त्यांच्यातल्या झुंबरबाईनं विचारलं. "काय लिवलंस? वाच की!"

कस्तुरानं खणखणीत आवाजात वाचलं, "इरलं घेऊन वाकलेल्या बायका कासवांसारख्या दिसतात. सर्वांत मोठे कासव झुंबरमावशी आहे."

झुंबरबाई चिखलातून ताडकन सरळ झाली.

"आन् ह्ये त्या सायबाम्होरं वाचनार तू?"

"व्हय. उद्या."

झुंबरबाईनं इरलं काढून बांधावर भिरकावलं. "चला गं! कासवं कुटं भात लावत्यात व्हय?" बघता बघता बांधावर इरल्यांचा ढीग झाला आणि बायका पावसात भिजत, पदर खोचून उभ्या राहिल्या.

सोपान धावत आला. उपटलेल्या रोपांच्या मुठी तशाच पडलेल्या पाहून त्याचा जीव खालीवर झाला. त्या उद्यापर्यंत पिवळ्या पडल्या असत्या आणि उद्या बायका कोंडाजीकडं जाणार. त्यानं सारं ऐकून घेतलं आणि लेकीकडं वळला.

"आवणी ऱ्हायली, तर उद्यापास्नं तुजी साळा बंद! कळलं?"

कस्तुरानं झटकन पेन्सिल उचलली. ती घाईनं म्हणाली, "मावशी, मी खोडते ते."

"खोड! आन् लिव, लय द्येखन्या बायका, लय झ्याक आवणी करत्यात."

"पण गुरुजी म्हणले, दिसंल तेवढंच लिवायचं. तुमी तर नुसत्या हुब्या हायसा. आवणी दिसंना, मंग लिवू कसं?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मग झुंबरबाई खाचरात उतरली. "घ्या गं मुठी! पोरीला दावू या."

आणि काय ती आवणी! इरली बांधावरच राहिली, कारण आता वहीत तोंडं दिसायला हवी होती. दोरी धरल्यासारख्या सरळ ओळी लागू लागल्या. एकीचा हात थांबला की दुसरी म्हणे, "अगं, ती बघतीया!" हात चालू लागले तशी तोंडंही सुटली. कस्तुराची पेन्सिलही मागं राहिली नाही. दिवस मावळायच्या आत संपली तर नशीब, अशी ती आवणी दुपारीच संपली.

भिजून काकडलेल्या बायका कस्तुराभोवती गोळा झाल्या. "वाच आता!"

"सर्व बायका सरळ ओळीत भात लावतात," कस्तुरानं वाचलं. बायका खूश झाल्या. "सरूकाकूंच्या सासूबाई कणगीत गूळ लपवतात. सरूकाकू त्यातला रोज एक खडा खातात आणि उंदराने नेला म्हणून सांगतात."

"अगं बया!" सरूबाईनं तोंडाला पदर लावला.

"झुंबरमावशींच्या मालकांनी गोठ्यातून बिबळ्या हुसकावला असे ते गावाला सांगतात. तो बोका होता. ते स्वतः माळ्यावर चढून बसले होते."

"थांब, थांब!" झुंबरबाई ओरडली. "ह्ये कवा लिवलंस?"

"तुमी बोलत हुता तवा. कानांनी ऐकलेलंबी लिवायचं हाय."

"पोरी, खोड गं माजं पयलं," सरूबाईनं काकुळतीला येऊन तिची हनुवटी धरली. झुंबरबाईनं तर इरलं उचलून डोक्यावर घेतलं आणि ओणवी होऊन दाखवलं. "ह्ये बघ! कासवंच लिव बाई. झ्याक हायेत कासवं. आमी कुटं न्हाई म्हनलं?"

दुरून सोपान हे पाहत होता. मग त्यानं लावून झालेल्या खाचराकडं पाहिलं, ढगांआडून डोक्यावर आलेल्या दिवसाकडं पाहिलं आणि मिशीत हसला.

"कस्तुरा, उद्या साळा सुटली की नीट कोंडाजीच्या खाचरावर जायाचं. आन् वही घिऊन."

बायका एकदम म्हणाल्या, "वही नगं!"

 कस्तुरानं निबंधाचं नवं पान काढलं, त्यावर मोठ्या अक्षरांत "कासवे" असं लिहिलं आणि मग उद्यासाठी पेन्सिलीला टोक काढायला बसली. दोन्हीकडून.