रामसिंगच्या हातावरचं अक्षर

"जसंच्या तसं काढ, भाऊ. एक रेघ इकडची तिकडं नको," रामसिंग राठोडनं आर्णीच्या आठवडी बाजारातल्या गोंदवणाऱ्याला बजावलं आणि डावा हात पुढे केला.

गोंदवणाऱ्यानं रामसिंगच्या फोनात पाहिलं. "काका, हा तं निरा चौकोन हाय."

"तुले का समजते? परदेशातलं अक्षर हाय. माह्या पोरीनं बनवलं!"

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. रामसिंगची रंजिता पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरसाठी अक्षरांचे आकार घडवायची. समॅरिटन नावाचे लोक जगात हजारभरही नाहीत. आर्णीच्या एका बाजारात सगळे मावतील. त्यांच्या प्राचीन लिपीतलं पहिलं अक्षर, अलाफ, तिनं पूर्ण केलं आणि हौसेनं टाइप करून बापाला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं. रामसिंग ते पाहून रडलाच. तांड्यातला भारत येता-जाता टोचायचा, "पोरीले एवढं शिकवलं, ते पुण्यात करते तरी का?" त्याला काय सांगावं हे बापाला आजवर सुचत नव्हतं. आता उत्तर मनगटावर होतं, तेही न पुसलं जाणारं.

मग काय विचारता! बाही वर करून रामसिंग बँकेत गेला, कृषी केंद्रात गेला, गरज नसताना दवाखान्यातही जाऊन आला. घरी बायकोनं, बसंतीबाईनं, हात निरखून पाहिला.

"असे चौकोन म्या फेटिया घागऱ्याच्या घेरावर किती टाचले! मले तं कोनी कंपनीत बोलावलं नाही."

असं म्हणाली खरी, पण लेकीसाठी नव्या ओढणीवर आरशाभोवती तोच चौकोन टाचायला बसली. तांड्याच्या नायकानं सत्कार ठरवला. मंडपावर फ्लेक्स लागला: रंजिताचा फोटो आणि शेजारी फोटोहून मोठा चौकोन.

रंजिता आली आणि मंडपाच्या दारातच थबकली.

"बा, हे काय?"

"तुह्यं अक्षर!" रामसिंगनं हातही दाखवला.

खोट्या अक्षराचा हार रंजिताला गळ्यात घालवेना. "बा, कॉम्प्युटरात हरेक अक्षराले नंबर असते, याले तो कवाच भेटला. पन फोनात त्याचा आकार नसला, का फोन असा रिकामा चौकोन दाखवते. खरं अक्षर हे पाहा." तिच्या फोनात तिरप्या रेघांचं अलाफ ऐटीत उभं होतं.

"म्हंजे काकानं हातावर 'काईच नाही' गोंदलं!" भारत ओरडला. मंडप खदखदून हसला.

रामसिंगनं बाही खाली ओढली. मग त्यानं हळूच विचारलं, "त्या लोकाइनं आपली भाषा लिहिली, तं त्याईलेही हाच चौकोन दिसे?"

"आकार नसला तं हाच, बा. हा चौकोन मिटवनं, हेच माह्यं काम."

रामसिंगनं बाही परत वर केली. या वेळी जरा जास्तच.

पुढच्या बाजारी त्यानं उजवा हात पुढे केला. गोंदवणारा शहाणा झाला होता.

"काका, पयले सांगा, फोन कोनाचा?"

"पोरीचा!"

आता कुणी विचारलं की रामसिंग डावा हात दाखवतो, "हे पोरीच्या आंधी." मग उजवा, "अन् हे पोरीच्या नंतर." भारतनं विचारणं कधीच सोडलं. तरी रामसिंग त्याला रस्त्यात अडवतो आणि दोन्ही बाह्या वर करतो.