ते छप्पर कुणी नीट केलं?

शांतवनमामा कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. यजमान ‘या, बसा’ म्हणत हात जोडून उभे, आणि हे उंबऱ्यातच मान मागं टाकून आढ्याकडे बघतायत. कौलं, वासे, वाशांवरच्या रिपा, सगळ्यांची विचारपूस झाली की मग नजर खाली यायची आणि यजमानांना नमस्कार मिळायचा. आमच्या गल्लीतल्या एक आजी वारल्या तेव्हा मामा भेटायला गेले. वर बघितलं, मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आजी गेल्या, लई वाईट झालं, पर त्या कोपऱ्यातनं पाणी येत असंल बघा. मुलगा रडता रडता ‘व्हय’ म्हणाला. जूनच्या आधी मामांनी तो कोपरा नीट करून दिला.

मामा कौलं परतायचे. दर उन्हाळ्यात घरावरची सगळी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, किडलेली रीप बदलायची आणि पुन्हा ओळीनं लावायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. नव्वदनंतर कोल्हापुरात जिकडेतिकडे स्लॅब पडायला लागले आणि मामांचं काम निम्म्यावर आलं. कसबा बावड्याला आमच्या ओळखीच्या एकांनी नवा बंगला बांधला, तिथं वास्तूच्या प्रार्थनेला आम्ही बरोबर गेलो होतो. मामांनी सवयीनं वर बघितलं. वर गुळगुळीत पांढरा स्लॅब. त्यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. सबंध प्रार्थनाभर ते परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखे बसून होते.

त्यांचा एक पेटंट प्रश्न होता: “ठोकून बघितलं काय?” वासा दिसायला धडधाकट असतो आणि आतून पोकळ असतो, ठोकल्याशिवाय कळत नाही, हा धंद्यातला नियम त्यांनी सगळ्या सृष्टीला लावला होता. कलिंगड आणलं, ठोकून बघितलं काय. मुलीला स्थळ आलं, ठोकून बघितलं काय. मी स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी ती खरोखरच बोटांनी सगळीकडून ठोकली आणि डिकीपाशी थांबून मान हलवली. स्कूटर पुढं मला आठ वर्षं छळत राहिली, पण डिकी शेवटपर्यंत शाबूत होती. हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीची दर बुधवारी कुणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग असते. दोन गीतं, शास्त्राचा पाठ, त्यावर चर्चा आणि चहा. मी शाळामास्तर, त्यामुळं माझं अक्षर बरं असणार असं धरून मला सेक्रेटरी केलेलं. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. त्यांत दर दोन-तीन आठवड्यांनी एक ओळ हमखास सापडते: ‘श्री. शांतवन मिस्त्री यांनी छपराचा प्रश्न उपस्थित केला.’

छपराचा प्रश्न असा. शुभवर्तमानात एका लुळ्या माणसाची गोष्ट आहे. येशू एका घरात बोलत बसलाय, दारापर्यंत माणसं दाटलीयत. चौघे जण एका पक्षाघात झालेल्याला बाजेवर घालून आणतात. आत शिरायला वाट नाही. मग ते छपरावर चढतात, छप्पर उचकटतात आणि बाज दोरांनी खाली सोडतात. येशू त्या आजाऱ्याला आधी पापांची क्षमा झाल्याचं सांगतो. तिथं बसलेले शास्त्री कुरकुरतात, क्षमा करणारा हा कोण? मग तो आजाऱ्याला उठायला सांगतो, आणि माणूस उठून स्वतःची बाज उचलून घरी जातो. यावर शेकडो वर्षं प्रवचनं झाली असतील. मामांचा सवाल एवढाच होता की, ते छप्पर कुणी नीट केलं?

आमच्याकडे पाळक दर चार वर्षांनी बदलतात, आणि प्रत्येक नव्या पाळकाला हा सवाल झेलावा लागे. पहिले म्हातारे होते. ते म्हणाले, त्या देशात छपरं मातीची असतात, बुजवायला काय लागतं? मामा म्हणाले, मातीचं छप्पर गळत न्हाय व्हय? दुसरे जरा उंचावरून बोलणारे. त्यांनी हे छप्पर म्हणजे आपल्या मनाचं छप्पर असं समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ते किती बाय किती?

त्यांनी स्वतः हिशेब केलेला होता. सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं गीतांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर नकाशा काढलेला. सहा फुटी बाज आडवी सोडायची तर निदान एक वासा कापावाच लागतो. तेव्हा चौघांत एक तरी मिस्त्री असणार. आणि येशू स्वतः सुताराचा, त्यामुळं वरच्या आवाजावरूनच त्याला कळलं असणार की कौलं फोडालेत का उचलून ठेवालेत. “उचलून ठेवालते म्हणूनच त्यो गप बसला,” मामा म्हणायचे. त्या देशात मंगलोरी कौलं नव्हती, हे त्यांना सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

एका नाताळात युवक संघानं हीच गोष्ट नाटकात बसवली. बाज सोडायचं काम अर्थात मामांकडे आलं. आजाऱ्याच्या भूमिकेत रिटायर्ड पोस्टमास्तर बेंजामिनकाका, कारण त्यांना पाठांतर नसलेलीच भूमिका हवी होती. मामांनी आठवडाभर दोर तपासले, तांदळाचं पोतं वरखाली करून बघितलं. पण काका पोत्यापेक्षा जड निघाले, आणि चौघा तरुणांपैकी डोक्याकडच्या दोघांनी दोर भराभर सोडले. काका पाय वर, डोकं खाली असे लोंबकळत आले आणि त्यांच्या तोंडून शास्त्रात नसलेला एक शब्द सगळ्या मंडळीनं स्पष्ट ऐकला. येशू झालेल्या पोरानं प्रसंगावधान राखून लगेच क्षमेचं वाक्य म्हणून टाकलं. लोक पोट धरून हसत होते. मामा मात्र पडद्यामागं घामाघूम होऊन काकांची मान, पाठ, कंबर चाचपत होते. “पाय हलवून दावा,” असं त्यांनी चार वेळा म्हटलं. काका पाय हलवत राहिले. तरी मामांनी त्यांची कंबर चाचपायची थांबवली नाही.

कारण मला ठाऊक होतं. मामांनीच एकदा सांगितलं होतं, मीटिंगनंतर चपला शोधता शोधता, तीन-चार वाक्यांत. त्यांचा धाकटा भाऊ मनोहर त्यांच्याबरोबर कामाला असायचा. कोडोलीच्या बाजूला एका गुऱ्हाळाचं छप्पर उतरवायचं होतं. मनोहरनं खालून विचारलं, वासा बघितलास काय? मामा म्हणाले, बघितलाय, चढ. त्यांनी बघितला होता, पण ठोकला नव्हता. मनोहर पडला तो कमरेखालून गेला. दवाखाना झाला, मामांनी त्याला कोडोलीतल्या घरी आणून बाजेवर ठेवलं. त्या वेळी मनोहर भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिला. त्या गप्प बसण्याचा मामांनी लावायचा तो अर्थ लावला आणि पुन्हा त्या घरी पाऊल टाकलं नाही. या गोष्टीला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती.

सामान मात्र पाठवायचे. एसटीच्या टपावरून पाठ टेकायची फळी गेली, जेवायचं छोटं मेज गेलं, उठून बसायला वरून लोंबणारी कडी गेली, एकदा तर अख्खी नवी बाज गेली. तिकडून निरोप यायचा तो मनोहरच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा: पोचलं. मनोहरचा कधी आला नाही. तो यावा यासाठी मामांचा जीव तुटत होता आणि ते बुधवारी छपराबद्दल भांडत होते.

तिसरे पाळक तरुण आले, नुकतेच शिकून बाहेर पडलेले. मामांनी नेहमीचा प्रश्न टाकला. पाळकसाहेब हसले आणि म्हणाले, मामा, महत्त्वाचं छप्पर नाही, क्षमा आहे. मामा एकदम पुढं सरकले. आजवर कुणाला न सांगितलेला आपला अर्थ त्यांनी त्या दिवशी सांगितला. बाजेवर पडलेल्या माणसानं काय पाप केलं असणार? पडल्या जागेवरनं त्याला कूस बदलता येत नाही. पाप केलं ते वरच्यांनी, छपरावरच्यांनी. तेव्हा येशूनं क्षमेचं बोलताना नक्की वर बघितलं असणार.

पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं, बोट ठेवून वाचलं. क्षमेचे शब्द आजाऱ्याला उद्देशून आहेत, तसं सरळ लिहिलंय. चौघांचा विश्वास बघितला एवढंच त्यांच्याबद्दल आहे.

“मग वरच्यांचं काय?” मामांनी विचारलं.

“त्यांच्याबद्दल पुढं काही लिहिलेलं नाही, मामा.”

पोराचं काही चुकलं नव्हतं. जे लिहिलं होतं ते त्यानं वाचलं. मामांनी टोपी घातली आणि चहा न घेता निघून गेले. पुढचे सहा बुधवार आले नाहीत. माझ्या वहीत छपराचा प्रश्न नाही, मीटिंगा वेळेवर संपलेल्या आहेत आणि वाचताना मला त्या सगळ्यात नीरस वाटतात.

मे महिन्यात माझ्या घरी फोन आला. मामांकडे फोन नव्हता. पलीकडे सुशीलाबाई होत्या. माकडांनी कौलांचा चुरा केला होता, गावात आता कौलं परतणारा माणूस मिळत नव्हता, आणि पाऊस आला तर बाज सरकवायला कोरडी जागा उरणार नव्हती. दादांना सांगा, म्हणाल्या. मनोहरनं सांगितलंय का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांना विचारलेलंच नाही.

मी मामांना जाऊन सांगितलं. मनोहरनं सांगितलंय का, हे त्यांनीही विचारलं. मी मास्तर माणूस, खोटं बोलता आलं असतं, पण बोललो नाही. मामा बराच वेळ हातोडीची मूठ पुसत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर माझ्याआधी हजर होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी कोडोली येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

तिथं पोचल्यावर मामा घरात शिरलेच नाहीत. बाहेरच्या बाहेर शिडी लावून वर चढले. सुशीलाबाईंनी पाणी दिलं ते शिडीवरच प्याले. मी आत मनोहरच्या बाजेशेजारी जाऊन बसलो. मामांसारखंच नाक, मामांसारखीच वर बघायची सवय. त्याला तर दुसरं काही बघायलाच नव्हतं.

वरून ठोकण्याचा आवाज सुरू झाला. एक वासा, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. कौल एकही हललं नाही, तासभर नुसती ठोकाठोक. मनोहरची नजर आवाजाबरोबर सरकत होती. मधेच तो मला म्हणाला, “तो चुलीकडचा किडलाय. तिकडं जाऊ नको म्हणावं त्याला.” मी उठणार तोच त्याच वाशावर टकटक झाली, आवाज पोकळ आला आणि पावलं मागं सरली. मनोहरनं श्वास सोडला.

मग बाजेच्या बरोबर वरचं एक कौल उचललं गेलं. उन्हाचा चौकोन मनोहरच्या छातीवर पडला, पाठोपाठ धूळ. भोकात मामांचा चेहरा आला. दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. माझी तिथून उठून जायची इच्छा झाली, पण मी बसून राहिलो.

“दादा, वासा ठोकून बघितलास काय?” मनोहर म्हणाला.

“बघितला.” मग हातातलं कौल बाजूला ठेवून मामा म्हणाले, “त्या दिवशी न्हवता बघितला, मनू.”

“ठावं हाय मला. तवापासनं ठावं हाय.” मनोहरनं डोळ्यांतली धूळ पुसली. “किती वर्सं नुसतं सामान धाडालाईस. ये की खाली. च्या निवालाय.”

मामा खाली आले. छपरातून नव्हे, शिडीवरून. घरात शिरले आणि मी ओळखत होतो तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं नाही. सरळ बाजेच्या पायथ्याशी बसले, भावाच्या निर्जीव पावलांवर हात ठेवला आणि रडले. मनोहरनं रडू दिलं. थोड्या वेळानं मामांनी नाक पुसलं आणि बाजेची सुंभाची दोरी ढिली झालीय म्हणून सुशीलाबाईंना बोल लावला.

दोन दिवसांत त्यांनी सगळं छप्पर परतून दिलं. किडका वासा बदलला. टॉवेलातली वस्तू म्हणजे काचेचं कौल होतं, ते बाजेच्या वर बसवलं. आता मनोहरला पडल्या पडल्या आभाळ दिसतं.

पुढच्या बुधवारी मामा मीटिंगला आले. गीतं झाली, पाठ झाला, चर्चेची वेळ आली तरी ते गप्पच. शेवटी पाळकसाहेबांनाच राहवेना. त्यांनी विचारलं, मामा, आज छपराचं काही नाही? मामा म्हणाले, त्याचा उलगडा झाला. तो बरा झालेला माणूस बाज घेऊन घरी गेला, असं लिहिलंय ना? तर तो घरी बाज ठेवून शिडी घेऊन परत आला असणार. छप्पर त्यानंच नीट केलं.

पाळकसाहेब सवयीनं शास्त्राची पानं चाळत म्हणाले, हे कुठं लिहिलंय, मामा?

“लिवलं न्हाय कुठं,” मामा म्हणाले. “पर मी गेलतो की.”