नावाड्याचा दगड

दर रविवारी सकाळी सगळ्या आळीनं मिळून तळ्याला फेरी मारायची, ही कल्पना ड्रिल मास्तरांची. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. फेरीचा नियम एकच. मध्ये थांबायचं नाही. थांबायचंच असेल, तर थांबणाऱ्यानं त्या जागेची गोष्ट सांगायची.

पोस्टमास्तरांना पूर्ण फेरी डॉक्टरांनी सांगितली होती आणि तिची अंमलबजावणी बायकोकडे होती. एरवी ते रोज एकटे निघत, अर्ध्या वाटेवरच्या सपाट दगडावर बूड टेकत, खिशातल्या शेंगा संपवत आणि तोंडावर तळ्याचं पाणी मारून घामाघूम चेहऱ्यानं घरी परतत. पण रविवारी बरोबर सगळी आळी. दगड दिसला आणि त्यांना राहवेना.

"इथली एक गोष्ट आहे," असं म्हणून ते बसलेच.

गोष्ट कसली नि काय! दगड त्यांच्याच मोरीतला, कपडे धुवायचा. घरी मशीन आल्यावर त्यांनीच तो हातगाडीवर घालून इथं आणून टाकला होता. पण आता बसलो म्हटल्यावर बोलणं भाग होतं. एका नावाड्याची बायको भांडून पलीकडच्या काठाला माहेरी गेली आणि तिची वाट बघत तो या दगडावर तीन वर्षं बसला, असं त्यांनी दिलं ठोकून. चांगली दहा मिनिटं विश्रांती मिळाली.

पुढच्या रविवारी ते तोंड उघडणार, तोच आळीतल्या आजीबाई म्हणाल्या, "माझ्या सासूनं पाहिला होता तो नावाडी. उंच होता चांगला."

त्याच्या पुढच्या रविवारी शिंप्यानं दगडाची झिजलेली कड दाखवली. "बसून बसून झिजलाय बघा बिचारा."

चौथ्या रविवारी दगडाभोवती साखळी आणि वर पाटी: 'नावाड्याचा दगड. कृपया बसू नये.'

पोस्टमास्तरांच्या बुडाखालची जमीन सरकली. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"अहो, थाप होती ती. मीच मारली. हा आमच्या मोरीतला दगड आहे."

"म्हणजे माझी सासू खोटारडी?" आजीबाईंनी विचारलं.

"आळीचं जरा कुठं नाव होतंय, ते तुम्हाला बघवत नाही," शिंपी म्हणाला.

"मग माझ्या बायकोला विचारा. वीस वर्षं कपडे आपटलेत तिनं याच्यावर."

बायको रविवारी स्वयंपाकासाठी घरीच राहायची. तिला बोलावणं गेलं. ती ओले हात पुसत आली. तिनं दगड पाहिला, झिजलेली कड ओळखली. मग तिची नजर दगडामागच्या शेंगांच्या टरफलांच्या ढिगावर गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली.

"आमचा नाही हो हा," ती म्हणाली. "आमचा काळा होता. आणि ही नावाड्याची गोष्ट तर मी लहानपणापासून ऐकतेय."

आळीनं समाधानानं माना डोलावल्या. जाता जाता ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "डॉक्टरांनी फेरी सांगितली होती. शेंगा नाही."

शिट्टी वाजली. दोनशे पावलांत पोस्टमास्तरांना धाप लागली.

"मास्तर, जरा थांबू या," ते म्हणाले.

"गोष्ट आहे का?"

"आहे. अगदी खरी आहे."

"खरी?" ड्रिल मास्तरांनी मागं वळून आळीकडे पाहिलं. एकाचंही पाऊल थांबलं नव्हतं. "मग चालता चालता सांगा."