एंगेज

ठाण्याच्या वकिलांचा निरोप गुरुवारी यायचा होता. शुक्रवार उजाडला तरी होकार नाही, नकार नाही. तेव्हा मंदाकिनीबाईंनी धीर करून डोंबिवलीतला डॉक्टरांचा दवाखाना गाठला. ही गोष्ट चौपन्न सालची. आळीत फोन तेवढाच एक. त्यांच्या हेमाला वकिलांचा मुलगा सुधीर मनापासून आवडला होता. तिचे वडील हयात नव्हते, त्यामुळे सगळी काळजी बाईंच्याच डोक्यावर.

कंपाउंडर विश्रामने एक्स्चेंजकडे वकिलांचा नंबर मागितला, जरा वेळ ऐकलं आणि रिसीव्हर खाली ठेवला.

"एंगेज आहे, वहिनी."

शेजारच्या शालूच्या साखरपुड्याला सगळे एंगेजमेंटच म्हणत होते.

"एंगेज? कुणाशी?"

"ते मला काय ठाऊक? चालू असेल कुणाशीतरी बोलणं."

"आणि आमचं काय?"

"थोडं थांबा की. त्यांचं तुटलं की लगेच तुमचं जोडून देतो."

"दुसऱ्याचं तुटायची वाट बघू? तसली नाही हो मी!"

बाई तरातरा निघून गेल्या.

बाईंनी थेट दिराचं, भाऊंचं घर गाठलं. "भाऊजी, कल्याणचे ते बिजवर गोविंदराव अजून विचारताहेत ना? आजच बोलवा त्यांना. ठाण्याचं गेलं हातचं."

भाऊ दुपारीच कल्याणला गेले. हेमाने रडून लाल झालेले डोळे धुतले आणि मुकाट्याने चांगली साडी नेसली.

संध्याकाळी गोविंदराव शिऱ्याची दुसरी बशी संपवत होते, इतक्यात दारात घामाघूम झालेले हरिहरपंत वकील उभे!

"विहीणबाई, काल कोर्टातच अडकलो. सकाळी फोन लावला, तर तुमच्या दवाखान्याचा एंगेज! म्हटलं, आपणच जाऊन होकार द्यावा."

"अगं बाई! फोनसुद्धा एंगेज होतो?"

"कुणी त्यावर बोलत असलं की तसंच म्हणतात."

"मीच होते हो तिथे! तुम्हालाच लावत होते!"

भाऊ खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले. बसावं की जावं, त्यांना कळेना. बाईंची तर गोविंदरावांकडे बघायची छाती होईना.

तेवढ्यात चहा घेऊन हेमा बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. गोविंदरावांच्या समोरून जाऊन तिने पहिला कप हरिहरपंतांना दिला आणि वाकून नमस्कार केला.

गोविंदरावांनी शांतपणे शेवटचा घास घेतला, टोपी घातली.

"शिरा फक्कड झालाय," ते भाऊंना म्हणाले. "लग्नाचं जेवण तुमच्या वहिनींच्याच हातचं असेल, तर मला बोलवायला विसरू नका."