आमलेटखाली सही

बायकोनं खानावळ काढली तेव्हा आवकजावकांनी एकच काम अंगावर घेतलं, आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

(आवकजावक हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात आलेल्या आणि गेलेल्या कागदांवर शिक्के मारता मारता त्यांची इतकी वर्षं गेली की खरं नाव कुणाच्या तोंडीच उरलं नाही. बायको मात्र रीतसर 'अहो' म्हणे.)

घराखालच्या गाळ्यात चार टेबलं, मागे स्वयंपाकाचा ओटा, एवढीच खानावळ. पण बायकोचं हे लग्नाआधीपासूनचं स्वप्न होतं. मुलांची शिक्षणं, घरातली आजारपणं, सगळं निस्तरून आता कुठे तिची पाळी आली होती. भिंतीवर पदार्थांची चित्रं हवीत, म्हणजे आत आलेला माणूस बसेल तरी, असं ती म्हणाली. आवकजावक लगेच म्हणाले, "ते माझ्यावर सोड." आजवर त्यांच्यावर सोडलेल्या गोष्टींचं काय झालं होतं हे तिला पाठ होतं, तरी तिनं सोडलं.

आधी त्यांनी फोनवर फोटो काढून पाहिले. सूप भांडी विसळलेल्या पाण्यासारखं आलं. आमलेट फरशी पुसायच्या फडक्यासारखं आलं. उरलेल्या फोटोंत बायकोचा पळी धरलेला डावा हात मध्येच आला होता, म्हणून ते फोटो त्यांनी नीट न बघताच पुसून टाकले.

मग ऑफिसातला 'टेक्निकल' मदतीला धावला. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यानं एकदा ओढून काढला होता, तेव्हापासून त्याला हे नाव पडलं होतं. तो म्हणाला, फोटोबिटो सोडा, एआयला सांगा. अॅनिमे कार्टूनमध्ये जेवण कसं असतं, बघूनच तोंडाला पाणी सुटतं, तसं हातानं रंगवल्यासारखं चित्र ते देतं. आवकजावकांनी चष्मा सारखा केला आणि सवयीनं टाइप केलं, 'विषय : आमलेटचे हाताने रंगवल्यासारखे चित्र मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून...' चहा निवायच्या आत चित्र हजर. आवकजावक थक्क झाले. त्यांच्या ऑफिसात 'महोदय' वाचून होईपर्यंतच दुपार होते.

आणि आमलेट तरी कसं? सोनेरी, टम्म फुगलेलं, वर लोणी वितळतंय, कडेनं वाफेची नाजूक वेटोळी. मग सूप मागवलं, भाजलेले बटाटे मागवले, केक मागवला. शेवटी 'एक प्रेमळ हात पळीने सूप वाढत आहे' असंही एक मागवलं. सगळी जाड कागदावर छापून घेऊन त्यांनी घरी टेबलावर मांडली.

बायको ओले हात पदराला पुसत आली आणि बघतच राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही काढलंत?"

खरं सांगायचं होतं हो त्यांना. तोंड उघडलंही होतं. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यांच्याकडे बघून आनंदानं डोळे भरून आल्याला युगं लोटली होती. तोंडातून 'हो' निघून गेलं. (वर त्यांनी शिक्क्याच्या शाईनं बारमाही जांभळी असलेली बोटं जरा पुढे केली. हे करायला नको होतं.)

"मला वाटायचं तुम्ही पेपरात डोकं घालून नुसतं गिळता," ती म्हणाली. "तुम्ही तर एवढं बघत होता."

मग ती म्हणाली, चित्रकार सही करतात, तुम्हीही करा. त्यांनी प्रत्येक आमलेट-बटाट्याखाली सही ठोकली आणि हात थांबेना म्हणून तारीखही घातली.

खोटं एकदा घरात शिरलं की पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं. बायकोची धाकटी बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं चित्रं नाकाशी धरून पाहिली आणि रंग कुठले वापरलेत, भाऊजी, असं विचारलं. आवकजावक म्हणाले, घरगुती. सुपातल्या चमच्याला दोन दांडे का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, ती माझी शैली आहे. मेहुणी जाताना त्यांच्याकडे असं काही बघून गेली की त्यांना रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. बायकोनं चित्रातलं आमलेट करून बघायचा ध्यास घेतला. माझ्या आमलेटात ह्यांना हे दिसलं, तर ते जमलंच पाहिजे, असं ती शेजारणींना सांगत सुटली. रोज सकाळी अंडी फेटण्याचा खडखडाट सुरू व्हायचा आणि न फुगलेली आमलेटं आवकजावकांच्या डब्यात यायची. 'टेक्निकल'नंही खाऊन खाऊन हात टेकले. एकदा ती दंडाला मलम चोळताना दिसली. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तर हसून म्हणाली, काही नाही, सवय करतेय. त्यांना तो मलमाचा वास दिवसभर छळत राहिला. आज सांगू, उद्या सांगू करत उद्घाटन उजाडलं.

चारही टेबलं भरली होती. अर्धं ऑफिस आलं होतं, आणि मधल्या टेबलावर खुद्द मोठे साहेब होते. साहेबांना जेवण आवडलं तर उद्यापासून सगळं ऑफिस इथे जेवणार आणि नाही आवडलं तर एकही जण फिरकणार नाही, हे बायकोलाही ठाऊक होतं आणि आवकजावकांनाही.

पहिल्या टेबलावर बायको वाढताना सूप बशीत सांडलं. दुसऱ्या टेबलावर ते कुणाच्या बाहीवर गेलं. तिसऱ्या खेपेला अख्खी पळी साहेबांच्या पँटवर. साहेब उठून उभे राहिले. कुणी हसलं नाही, आणि हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

आवकजावक धावत आत गेले आणि चिडून म्हणाले, "अगं, आज हाताला झालंय काय तुझ्या?"

ती ओट्याला टेकून उभी होती. पळी उजव्या हातात होती.

"चित्रात तुम्ही उजवा हात काढलाय," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, आयुष्यात एकदा नीट बघून काढलंत. तुम्हाला माझा उजवाच हात बरा दिसत असेल. म्हणून सवय करत होते."

ती जन्माची डावखुरी. त्यांच्या ताटात पडणारी प्रत्येक गोष्ट इतकी वर्षं त्या डाव्या हातानं पडत आली होती. आणि चित्रातला उजवा हात आवकजावकांच्या लक्षातसुद्धा आला नव्हता. त्यांचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. धरणी दुभंगेल तर बरं असं वाटलं, पण फरशी नवीन होती, तिनंही दाद दिली नाही.

"मी नाही गं काढलं," ते म्हणाले. "मशीननं काढलं. मी नुसतं मागवलं."

"म्हणजे तुम्ही बघत नव्हता."

तिनं पळी डाव्या हातात घेतली आणि त्यांच्या बाजूनं निघून बाहेर गेली. पुढे एक थेंब सांडला नाही.

आवकजावक फडकं घेऊन साहेबांपाशी गेले. साहेब पँट पुसत भिंतीकडे बघत होते. चित्रं तुमचीच का, सही तुमची दिसते, असं त्यांनी विचारलं. सगळं ऑफिस ऐकत होतं. आवकजावकांनी मान खाली घातली.

"सही माझी आहे, साहेब. बाकी सगळं आवक आहे."

साहेब आधी हसले, मग सगळे हसले, आणि हसता हसता सूप दुसऱ्यांदा मागितलं गेलं. खानावळ तरली. आवकजावक मात्र ओट्यामागे तोंड लपवून भांडी विसळत राहिले.

बायको त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ते हाताचं चित्र उतरवलं, बहिणीची रंगपेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि ओट्याजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. बसा आणि बघा, एवढंच म्हणाली. ते बसले. तिचं आमलेट फुगत नाही, एका कडेला किंचित करपतं आणि ती ते डाव्या हातानं अलगद दुमडते, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मग चित्र उतरवून रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात, थेट भिंतीवरच, कपाळावर घाम येईपर्यंत, त्यांनी ते रंगवलं. पळीही काढली. पळी धरलेला डावा हातही काढला. खाली सही करायचा धीर झाला नाही.

बायको कितीतरी वेळ त्या भिंतीपुढे उभी होती. मग तिनं त्यांच्यासाठी चहा ठेवला.

दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक जेवता जेवता भिंतीकडे बघायला लागलं. सज्जन माणूस होता. पैसे देताना त्यानं आवकजावकांना बाजूला घेऊन सांगितलं, त्या कोपऱ्यात ओल आलीय, वरचा नळ गळत असणार, वेळेवर बघा, नाहीतर पसरेल.

आवकजावकांनी भिंतीकडे पाहिलं. गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "कालच आलीय. माणूस बोलावतो."

आत बायकोच्या हातातून पळी पडल्याचा आवाज आला, आणि मग तिचं हसू काही केल्या थांबेना.