तरवडाची पहिली माळ

मंजुषाच्या अंगणातला तरवड यंदा पहिल्यांदाच फुलला आणि तिचा जीव टांगणीला लागला. बी सासूबाईंनी, म्हणजे कुसाबाईंनी, सायखेड्याहून आणलेलं. लावलं तेव्हा नाशकातली ती सगळी कॉलनी हसली होती. "अगं, बांधावरचं झुडूप कुणी गुलाबाच्या जागी लावतं का?" पण नवरात्र आलं, घटाला तरवडाची पिवळी माळ हवी म्हटल्यावर त्याच कॉलनीच्या नजरा कुंपणावरून आत वळायला लागल्या. सकाळी फिरायला निघणाऱ्यांच्या खिशातल्या पिशव्या कुणाला ठाऊक नाहीत! मंजुषाचा मात्र हट्टच होता, पहिली माळ घरच्या फुलांची.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी तिने झाडाला जुनी हिरवी साडी गुंडाळली. वाऱ्याने उडू नये म्हणून छान निऱ्या घातल्या, पदर वरून घेतला, चिमटे लावले आणि निवांत झोपली.

सकाळी परडी घेऊन बाहेर येते तो काय, अंगणात ही गर्दी! साडीला हळदकुंकू, पुढ्यात नारळ, उदबत्त्या. शेजारच्या लताबाई सगळ्यांना रांगेत उभं करत होत्या.

"मंजुषा, देवी बसवलीस आणि सांगितलं नाहीस?"

"अहो, देवी कसली..." मंजुषाने जीभ चावली. तरवड आहे म्हणावं, तर एवढे हात तुटून पडणार. देवी आहे म्हणावं, तर फुलं तोडायची कशी? तरी तिने हळूच पदराखाली हात घातला.

"हां हां! देवीच्या अंगावरची फुलं ओढतेस?" लताबाई कडाडल्या.

मंजुषाला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात दारातून आरोळी आली. कुसाबाई केस मोकळे सोडून घुमत घुमत पायऱ्या उतरत होत्या. बायकांनी चटकन वाट दिली.

"मला लय उकडतंय! साडी सोडा! पयली माळ या घराला! उरलेली फुलं वाटून घ्या, पन बी आपापल्या दारात लावा! पुढल्या साली हितं कुनी आलं तर बघा!"

"लावतो, आई, लावतो!"

साडी सुटली. पिवळाधमक तरवड बघून लताबाईंनी गालावर हात मारून घेतले. "बाई गं, देवीनं तरवडाचं रूप घेतलं!" आणि त्यांनीच पहिल्या ओंजळीने मंजुषाची परडी भरली.

गर्दी पांगली. घटावर माळ चढली. मंजुषाने भरल्या डोळ्यांनी सासूच्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, खरंच देवी आली होती हो तुमच्या अंगात?"

कुसाबाईंनी केसांचा अंबाडा बांधला.

"कळ्या लय हायेत झाडाला. पन उद्याचं तू बघ बाई. मला रोज घुमता यायचं नाय, गुडघे दुखत्यात."